जोडीचा अभ्यास

किल्ली कुलपात अर्धी फिरली होती, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला, "आज फार उशीर केलास. मी तुझी वाट बघत होते." क्षणभर मला वाटलं, ते मलाच उद्देशून आहे. किल्लीची चाहूल लागली असेल, म्हणून बोलली असेल. मग दोन गोष्टी एकदम लक्षात आल्या. एक म्हणजे ती इथल्या भाषेत बोलत होती, आणि इथली भाषा तिला 'धन्यवाद' आणि 'केवढ्याला' यापलीकडे येत नाही अशी माझी ठाम समजूत होती. दुसरी म्हणजे लग्न झाल्यापासून तिनं मला 'अहो' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. मी जिन्यात तसाच उभा राहिलो. आमच्या जिन्यातला दिवा थोड्या वेळानं आपोआप विझतो, तसा तो विझला. अंधारात एका पुरुषाचा आवाज आला, जाड, एकेक शब्द चाचपून पुढे टाकणारा. "हो. आज काम खूप होतं. मी दमलो. पण तुला बघितलं, आता बरं वाटतं." त्यावर माझी बायको म्हणाली, "ये, बस. दिवसभर काय काय झालं, मला सांग."

आत गेलो तर ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी एकटीच बसलेली. समोर साखरेच्या डब्याला टेकवून उभा केलेला फोन, पुढ्यात उघडं पुस्तक, नाकावर मीच करून दिलेला चष्मा. मला बघून तिनं तळहात वर केला, थांबा म्हणून, दारात आलेल्या मीटरवाल्याला थांबवावं तसा. मी थांबलो. माझ्याच घरात, डबा हातात धरून. तिनं पानावरची आणखी दोन वाक्यं म्हटली, तिकडून दोन वाक्यं आली, मग दोघांनी एकमेकांचा निरोप घेतला आणि तिनं फोन पालथा घातला.

"कोण होतं?"

"नवरा," ती म्हणाली, आणि इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसावे लागले तिला. "अहो, वर्गातला. हात धुवून घ्या, वाढते."

मग जेवताना सगळं कळलं. वर्गाला ती जाते हे मला माहीत होतं. लेकीनं परस्पर नाव घातलं होतं, दुसऱ्या शहरात बसून, फोनवरून. महापालिकेच्या वाचनालयाच्या तळघरात तो भरतो. मला वाटलं होतं, बायका जमतील, चार गप्पा होतील, थंडी संपली की ही घरी बसेल. पण तिथल्या बाईंची शिकवण्याची एक तऱ्हा होती. वर्गात आपापली भाषा बोलायची नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम एकमेकांची भाषा न कळणाऱ्या माणसांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडी वर्षभर बदलायची नाही. पुस्तकात एक नवरा-बायको आहेत, पहिल्या पाठापासून शेवटच्यापर्यंत तेच. जोडीतल्या एकानं नवरा व्हायचं, एकानं बायको, आणि रोज संध्याकाळी एकमेकांना फोन करून पाठ मोठ्यानं म्हणायचा. शिवाय पुस्तकात अधूनमधून रिकाम्या जागा असत, त्या आपल्या मनानं भरायच्या. "एका जोडीत तर दोघी बायकाच आहेत," ती म्हणाली. "एक तिच्या देशात न्यायाधीश होती, इथे बस चालवते. ती नवरा होते. काय दरडावते म्हणता." तिचा स्वतःचा पुस्तकातला नवरा फरश्या बसवायचं काम करायचा. तो कुठून आला हे तिनं सांगितलं, पण मला तो देश नकाशावर धड दाखवता आला नसता. मीही हसलो. हसलो म्हणजे दात दाखवले.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, नाहीतर मी उगाच खुसपट काढणारा माणूस वाटेन. या शहरात आम्ही आलो तेव्हा ही भाषा मी कमावली. चष्म्याच्या दुकानात मी मागच्या बाजूला काचा घासायला लागलो, मग पुढे आलो, डोळे तपासायला लागलो. समोरच्या खुर्चीत कुठकुठली माणसं येऊन बसतात. 'पहिली काच बरी की दुसरी' एवढं मला त्यांच्यापैकी कित्येकांच्या भाषेत विचारता येतं, आणि इथल्या भाषेत तर मी असा बोलतो की फोनवर कुणाला माझं कूळ सांगता येणार नाही. ती घरी कपडे दुरुस्त करायची, आपल्याच लोकांचे, आपल्याच भाषेत. बाहेरचं जे काही होतं ते माझ्यामार्फत. घरमालक, बँक, शाळा, दवाखाना. पहिल्या वर्षी तर रस्त्यानं चालताना ती माझ्या बाहीचं टोक धरून चालायची आणि दुकानांच्या पाट्या मी तिला वाचून दाखवायचो. दवाखान्यात ती डॉक्टरांना पाच मिनिटं सांगायची, मी ते एका वाक्यात पलीकडे पोचवायचो. डॉक्टरांचं अर्ध्या वाक्यात इकडे आणायचो. "माझं एवढं बोलणं तिकडे जाईपर्यंत वाळून का जातं हो?" असं ती एकदा म्हणाली होती, थट्टेनंच. पण मला ते आवडायचं. खोटं कशाला बोलू? तिच्या आणि जगाच्या मध्ये माझ्या देहाएवढी जागा होती आणि त्या जागेत मी उभा होतो. बायको सुंदर असली की लोक नवऱ्याचा हेवा करतात. माझा हेवा करायला कुणी नव्हतं, पण ती बोलायला लागली की आधी माझ्याकडे बघायची, ते बघणं माझ्या एकट्याचं होतं. आता ती आधी पुस्तकाकडे बघत होती, आणि मग फोनकडे.

रोजच्या जेवणात तो फरशीवाला येऊन बसायला लागला. "त्याचे गुडघे फार दुखतात, गुडघ्यांवर बसूनच काम ना." "त्याला रंगांची नावं सगळी येतात, राखाडीचे सहा प्रकार सांगतो, पण 'काल' आणि 'उद्या' म्हटलं की गडबडतो." "आज बाईंनी विचारलं, तुझी बायको कशी आहे, म्हणजे मी हो, पुस्तकातली, तर म्हणाला, ऐकते आणि मग बोलते. सगळा वर्ग हसला." मी घास चावत राहायचो. त्याचं वाक्य ती त्याच्या आवाजात म्हणून दाखवायची, जाड, घशातून. माझी नक्कल तिनं कधी केली नव्हती. की माझ्यामागे करत असेल? मला दुकानात असताना, कुणाच्या डोळ्यांसमोर काच धरलेली असताना, हा विचार यायचा, की आत्ता ती पाठ म्हणत असेल. आणि म्हणजे काय होतं तर 'तू चहा घेशील का' आणि 'मी खिडकी उघडू का'. लहान मुलाला न्हाऊ घालताना बोलावीत तशी वाक्यं. पण मी मनाशी मोजून बघितलं, घरात तिनं मला शेवटचं कधी विचारलं होतं, दिवसभर काय काय झालं ते सांगा म्हणून? आम्ही एकमेकांना विचारायचो ते दूध आहे का, बिल भरलं का. आमच्याकडे सबंध भाषा होती, तिच्या म्हणींसकट आणि शिव्यांसकट, आणि तिच्यात आम्ही दूध आहे का एवढंच विचारत होतो. त्या दोघांच्या पदरात मूठभर शब्द होते आणि ते विचारत होते, तू दमलास का. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

लेकीला मी फोनवर सहज सुचवून बघितलं की आईची फार दगदग होतेय. "बाबा, तू एका पुस्तकावर जळतोयस," ती म्हणाली. "पुस्तकातल्या माणसाला पोट नाही, पगार नाही, त्याच्यावर कसला जळतोस?" मी म्हटलं, उचलली जीभ लावली टाळ्याला, मी कशाला जळू. मग बायको कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली की ते पुस्तक मी उघडायला लागलो. पुढचे पाठ बघायला. लाज वाटण्यासारखी गोष्ट होती, पण उद्या ते दोघं काय करणार आहेत हे मला आज कळायला हवं होतं. चित्रातला नवरा सडपातळ, कोट घातलेला. बायकोच्या हातात नेहमी काहीतरी वाफाळतं. एका पाठात ते नवं घर बघायला जातात. एका पाठात नदीकाठी फिरतात. त्या पाठावर मी बराच वेळ थांबलो, पण नदीबद्दल आणि बदकांबद्दलच लिहिलेलं होतं. एका पाठाचं नाव होतं 'भांडण'. ते वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, होऊ दे एकदाचं.

त्याच आठवड्यात तिचा दात भरलेला मला दिसला. हसली तेव्हा मागे काहीतरी पांढरं चमकलं. विचारलं तर म्हणाली, हो, जाऊन आले मंगळवारी, दाढ किडली होती. "कुणाबरोबर?" "कुणाबरोबर म्हणजे? बसनं." तिनं वेळ घेतली होती, खुर्चीत तोंड उघडून बसली होती, कुठली दाढ, गार लागलं की कळ येते, असं सगळं सांगितलं होतं, आणि पैसे देऊन घरी आली होती. माझ्याशिवाय तिची दाढ दुखली, माझ्याशिवाय बरी झाली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून मी खूश व्हायला हवं होतं. दुकानातून रजा काढून मला तिकडे जावं लागलं नाही. पण त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांच्या फ्रेमा एकमेकांना दिल्या, आणि ती दोघं नाकाला दुसऱ्याचं ओझं लागल्यामुळे परत आली तेव्हा त्यांच्यावरच वैतागलो.

भांडणाचा पाठ मी बाहेरच्या खोलीत, पेपर तोंडासमोर धरून ऐकला. सुरुवात पुस्तकाप्रमाणे झाली. तू दिवा चालू ठेवलास. नाही, तूच ठेवलास. मग पुस्तक संपलं असणार, म्हणजे रिकाम्या जागा आल्या असणार, कारण तिचा आवाज बदलला. "तू माझं कधी ऐकत नाहीस," ती म्हणाली. "नेहमी तूच बोलतोस. मी सांगते एवढं, तू सांगतोस एवढंसं. मला सगळं कळतं. मला वाटतं मी घरातलं कपाट आहे." तिची वाक्यं आखूड होती आणि काही ठिकाणी मोडकी, पण प्रत्येक वाक्य नेमकं लागत होतं. पेपरच्या मागे माझे कान तापले. हे भांडण माझं होतं. त्यातला शब्दन् शब्द माझ्या नावचा होता, आणि ते ती दुसऱ्याच माणसाला देऊन टाकत होती, ज्यानं तिच्या आयुष्यात कधी एक दिवासुद्धा चालू ठेवलेला नव्हता. आमची भांडणं म्हणजे अबोला. ती भांडी जरा जोरात ठेवायची, मी फिरायला जायचो, दोन दिवसांनी कुणीतरी मीठ मागायचं आणि मिटायचं. असं उभं राहून, आवाज चढवून ती माझ्याशी कधी भांडली असती तर मी काय केलं असतं कुणास ठाऊक, पण निदान ते माझ्या वाट्याला आलं असतं. मग तो जाड आवाज म्हणाला, "माझं चुकलं. मला माफ कर. आता मी ऐकतो." पुस्तकात तसंच होतं, मी आधीच वाचलं होतं. तरीसुद्धा. मला जे इतक्या वर्षांत तोंडातून काढता आलं नाही ते या गृहस्थानं माझ्या वतीनं, फोनवरून, सहज म्हणून टाकलं. आणि ती म्हणाली, "बरं." इतक्या हळू, की ते पुस्तकातलं नसावं.

पुढचा पाठ तिनं माझ्यासमोर म्हटला नाही. फोन आणि पुस्तक घेऊन ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मी दाराशी गेलो नाही. दाराशी असलेलं पुस्तकांचं फडताळ आवरायला गेलो. आतून शब्द कळत नव्हते. तिचाच आवाज येत होता, सलग, मध्ये थांबत, आणि त्याचा जवळजवळ नाहीच. एवढं लांब बोलायला कुठल्या पाठात होतं? मग दोघंही गप्प झाले आणि बराच वेळ गप्पच राहिले. फोनवर गप्प राहणारी माणसं मी तरुणपणी बघितली आहेत, मी स्वतः एकदा त्यांतला होतो. ती बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल नव्हते, चेहरा हलका होता, अंगावरचं काहीतरी उतरवून ठेवल्यासारखा, आणि मला तेच सहन झालं नाही. रडली असती तर परवडलं असतं. "कुठला पाठ होता?" मी विचारलं. "आजारपणाचा," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्याचं विचारलं. रात्रभर माझ्या शेजारी ती गाढ झोपली होती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण इथे चोर तिकडे कुठेतरी होता आणि चांदणं माझ्या डोळ्यांवर.

आणि मग तो दुकानात आला. तिनंच धाडलं होतं. पुस्तकातली अक्षरं त्याला पुसट दिसतात, तुमच्याकडे पाठवते, बघा जरा, असं ती सकाळी म्हणाली होती. मी उंचापुरा, सडपातळ, कोट घातलेला माणूस मनात धरून बसलो होतो. आला तो बुटका, रुंद, माझ्यापेक्षा वयानं मोठा, बोटांच्या पेरांत सिमेंट मुरलेलं, आणि खुर्चीत बसताना त्यानं गुडघ्यांना दोन्ही हातांनी आधार दिला. डोळे तपासायचे म्हणजे खोलीत अंधार करावा लागतो आणि माणसाच्या इतकं जवळ जावं लागतं की त्याचा श्वास आपल्या गालाला लागतो. मी त्याच्या डोळ्यात उजेड सोडला. म्हातारा होत चाललेला, साधा, तपकिरी डोळा. यानं तिला काय काय म्हटलंय ते सगळं मला पाठ होतं. "पहिली बरी की दुसरी?" मी विचारलं. "दुसरी." "आता?" "पहिली." तो शहाण्या मुलासारखा उत्तरं देत होता. माझ्या मनात आलं, चष्म्याचा नंबर पावानं कमी ठेवावा. कुणाला कळणार होतं? पुस्तक धरून बसला की अर्ध्या तासात डोकं दुखेल, पाठ लवकर आटपेल. मी ती काच पेटीतून काढलीसुद्धा. पण हातांना इतक्या वर्षांची सवय. त्यांनी ती परत खाचेत ठेवली आणि बरोबर नंबरची उचलली. माझं मन त्यांनी विचारात घेतलं नाही. नव्या काचेतून त्यानं तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली आणि तो इतका हरखला की मला त्याचा आणखी राग आला.

"तू चांगला," तो म्हणाला. "ती म्हणते. तू चांगला, डोळे बघतो." मी फ्रेमचं माप घेत होतो. मग तो आपणहून बोलायला लागला, त्याच्या त्या मोजक्या शब्दांत. त्याची बायको दूर होती, गावी. रोज फोन करायची, रडायची. "आमची भाषा, मला येत नाही," तो म्हणाला. मला नीट कळलं नसेल म्हणून त्यानं छातीवर हात ठेवला. "सगळे शब्द येतात. पण बायकोला काय बोलू, येत नाही. वडील बोलले नाहीत, मी बोललो नाही. आता पुस्तकातलं घेतो, आमच्या भाषेत करतो, तिला सांगतो. तुझा दिवस कसा गेला? आधी ती घाबरली. म्हणाली, तू आजारी आहेस का?" तो हसला. मला हसू आलं नाही. मी त्याचा रागराग करत होतो आणि तो माझ्या बायकोकडून शिकलेलं सगळं नेऊन स्वतःच्या बायकोला देत होता. माझ्या घरातून रोज काहीतरी त्या दूरच्या गावी जात होतं आणि मी कुंपणाबाहेरच उभा होतो. उठताना तो थांबला. चेहरा गंभीर करून म्हणाला, "तिला डॉक्टर. लवकर. तू ने."

"कशाला? काय झालंय?"

"आजारपणाचा पाठ. ती सांगते. पुस्तकातलं नाही, खरं." मी पुढे काही विचारायच्या आत त्यानं मान हलवली. "मी पुस्तकातला नवरा. तू विचार."

त्या संध्याकाळी मी विचारलं. काय दुखतंय तुझं, आणि ते गावभर माहीत आहे, एक मीच सोडून. ती कणीक मळत नव्हती की काही नाही, नुसती बसली होती, तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "त्यानं सांगितलं होय?" मग म्हणाली, गुरुवारची वेळ घेतलीय. "तुम्ही या. पण तिथे बोलायचं नाही." मी म्हटलं, बरं. मूग गिळून बसायला काय लागतं.

डॉक्टर तरुण होती, आणि ती स्वतःही इथली नव्हती. तिच्या बोलण्याला तिच्याकडची कुठलीतरी लकब होती, ती माझ्या कानांनी लगेच टिपली. तिनं सवयीनं प्रश्न मला विचारला. मी हात पाठीशी बांधले. माझी बायको खुर्चीत थोडी पुढे सरकली आणि म्हणाली, "मी सांगते. मला पोटात खाली, उजव्या बाजूला दुखतं. आधी कधीकधी दुखायचं. आता रोज दुखतं. बसले की कमी होतं, वाकले की जास्त." वाक्यं स्वच्छ होती, एकाला एक लागून येत होती. त्यांची आधी उजळणी झालेली होती, आणि कुणापुढे झाली होती ते मला ठाऊक होतं. "केव्हापासून?" डॉक्टरनं विचारलं. "आमचं दुसरं बाळ पोटातच गेलं, तेव्हापासून," ती म्हणाली.

लेक आता नोकरी करते. तेव्हा ती बाराखडी गिरवत होती. मला तो दवाखाना आठवला, हिरवट भिंतीचा, आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा मी. डॉक्टरांचं सगळं मी तिला सांगितलं होतं आणि तिचं डॉक्टरांना. डॉक्टरांनी विचारलं होतं, दुखतंय का. मी विचारलं होतं, दुखतंय का गं. तिनं मान हलवली होती आणि मी म्हटलं होतं, नाही. त्या दिवशी माझा एकही शब्द चुकला नव्हता. ते मोठे डॉक्टर मला म्हणाले होते, तुम्ही फार छान बोलता आमची भाषा, आणि तशाही परिस्थितीत मला त्याचं बरं वाटलं होतं. घरी येताना मी तिला तेही सांगितलं होतं.

"इतकी वर्षं?" डॉक्टर म्हणाली. "कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं," माझी बायको म्हणाली. "एका माणसाला. गेल्या महिन्यात."

डॉक्टरनं माझ्याकडे बघून जरा हसून मान डोलावली. तिला वाटलं तो माणूस मी. मी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. ती जागा मला आयती मिळाली होती आणि मी ती घेतली; पण माझ्या शेजारी माझी बायको समोरच्या भिंतीकडे बघत होती, आणि मी ती घेतलेली तिला कळत होतं. मग तपासणी झाली. घाबरण्यासारखं दिसत नाही, पण आणखी तपासण्या करायला हव्यात, बहुधा लहानशी शस्त्रक्रिया लागेल, आधी आला असतात तर एवढं सोसावं लागलं नसतं, असं डॉक्टर तिला म्हणाली. तिला, सरळ तिच्या तोंडाकडे बघून. मध्ये कुणी नव्हतं.

बाहेर रस्त्याच्या कडेला एक बाक होता. तपासणीसाठी रक्त द्यायला तिला अजून अवकाश होता, म्हणून आम्ही तिथे बसलो. समोरून शाळेची मुलं चालली होती, चार रंगांची, पाच भाषांत एकमेकांना ढकलत. मी म्हटलं, "मला सांगायचं होतंस."

"तुम्हाला सांगून काय, तुम्ही डॉक्टरांनाच सांगितलं असतंत," ती म्हणाली. रागानं नाही. "तुमच्या तोंडून ते बाहेर गेलेलं मला नको होतं. तुम्ही त्याचं एक छोटंसं वाक्य केलं असतंत."

"त्याला सांगितलंस ते."

"त्याला पन्नास शब्द येतात. तो मध्ये बोलूच शकत नव्हता." मग म्हणाली, "जळताय तुम्ही."

"हो," मी म्हटलं. ते म्हणायला आपल्या भाषेत एकच अक्षर लागलं.

मी म्हटलं, आता मला सांग. दुखण्याचं नको, ते ऐकलं मी. त्याला दार लावून जे सांगितलंस ते. ती पदराशी, म्हणजे कोटाच्या बटणाशी चाळा करत बसली. तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही हो येत," ती म्हणाली. "आपल्या भाषेत ते तोंडातून निघतच नाही. आई आठवते, सगळेच आठवतात, लाज वाटते, रडू येतं. इथल्या भाषेत कसं, सांडशीनं भांडं उचलल्यासारखं होतं. हात भाजत नाही."

"मग तसं सांग," मी म्हटलं. मग तेच मी इथल्या भाषेत म्हटलं, आणि तिच्याशी त्या भाषेत बोलायला मला फार अवघड गेलं. मी तिच्याकडे वळून बसलो.

ती रस्त्याकडे बघत होती. "ती मुलगी होती," ती म्हणाली. "मी तिचं नाव मनात ठेवलं होतं आणि कुणाला सांगितलं नाही." दोन्ही वाक्यं सफाईदार आली, थांबणं बरोबर जागी, आवाज बरोबर जागी खाली. ती माझ्यासाठी घडवलेली नव्हती. ती त्या दार लावलेल्या आतल्या खोलीत, त्या जाड आवाजाच्या गप्प राहण्यापुढे घडली होती, आणि माझ्यापर्यंत दुसऱ्याच्या हातची येत होती. मला ते जिव्हारी लागलं आणि मी हललो नाही. मग ती माझ्याकडे वळली. "त्या दिवशी तू पलंगाच्या पायाशी उभा होतास," ती म्हणाली, "डॉक्टरांशी बोलत होतास, आणि मला वाटत होतं की तू मला..." इथे ती अडली. हे वाक्य तिनं आधी कुणालाही म्हटलेलं नव्हतं. तिचे ओठ हलत होते, शब्द सापडत नव्हता, तिनं हवेत हात अर्धवट उचलला आणि माझ्याकडे बघितलं, पूर्वी बघायची तसं, मी पुरवावा म्हणून. मला तो शब्द ठाऊक होता. मी गप्प बसलो, आणि ती शोधत राहिली.